चांदीचं धुवण

आमच्या मॅडमना सासर नव्हतं, पण सासरची माणसं भरपूर होती. थोरली जाऊ, धाकटी जाऊ, नणंद, आत्येसासू, मामेसासू ही सगळी मंडळी कॉलेजच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत, उबदार कपाटात, काचेच्या प्लेटांमध्ये राहायची.

मॅडम रसायनशास्त्र शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात पेरूच्या पाल्याच्या काढ्यातून चांदीचे कण तयार करायच्या. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत. इतके बारीक असतात की बाटलीत नुसतं तपकिरी पाणी दिसतं. सिल्व्हर नायट्रेट नावाचा चांदीचा क्षार पाण्यात विरघळवायचा, त्यात पाल्याचा गाळलेला काढा घालायचा आणि बसायचं वाट बघत. काढ्यातली द्रव्यं त्या क्षारातून चांदी मोकळी करतात आणि पाणी हळूहळू रंग धरतं. मग त्या चांदीने जखमेतले जंतू मरतात का ते बघायचं. त्यासाठी जेलीसारख्या खाद्यावर जंतू पसरायचे, मधोमध थेंब सोडायचा आणि प्लेट कपाटात ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती स्वच्छ गोल दिसला की तिथले जंतू मेले. जेवढा गोल मोठा, तेवढी चांदी कामाची.

आता आपण केलेल्या प्लेटवर आपली माया असते. पट्टी लावून गोल मोजताना डोळा आपसूक आपल्या बाजूने झुकतो. म्हणून मॅडमचा नियम होता की मोजणाऱ्याला कुठल्या प्लेटमध्ये काय आहे हे कळताच कामा नये. बाकीचे लोक यासाठी प्लेटांना नंबर देतात. मॅडमना नंबर चालत नसत.

"एक लिहिलं की माणसाला वाटतं, हाच पहिला आला," त्या म्हणायच्या. "ए, बी, सी लिहिलं तर ए ग्रेड आठवते. लाल-निळं केलं तर कुणाला लाल आवडतो, कुणाला निळा. नावंच द्यायची. आणि नावं अशी द्यायची की ज्यांच्याबद्दल आपलं काहीच मत नाही. मला नणंदेचा राग नाही की जावेचा लोभ नाही. तुझं लग्न झालं की तुला मात्र दुसरी नावं शोधावी लागतील हं."

मी तेव्हा एमएस्सी संपवून त्यांच्याकडे संशोधनासाठी नाव नोंदवलं होतं. थेंब सोडायचे आणि नावं ठेवायची हे काम माझ्याकडे होतं, आणि ते मी मनापासून केलं. कुठलं नाव कशाचं, ते लिहायला बंदी होती. "लिहिलं की कुणीतरी वाचतं," हे त्यांचं म्हणणं. ते माझ्या डोक्यात ठेवायचं, आणि ज्याने नावं ठेवली त्याने प्लेटा मोजून होईपर्यंत कपाट उघडायचं नाही. मोजायच्या मॅडम. मोजताना "छान" हा शब्द काढायचा नाही. चुकून निघाला तर त्या दिवशीची सगळी काचेची भांडी धुवायची. पहिल्या महिन्यात मी पुष्कळ भांडी धुतली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मॅडमचा आवाज जायचा. "नणंदेने काहीच केलं नाही. धाकट्या जावेने थोडेफार मारले. मामेसासूचं लक्षण ठीक नाही दिसत." ऑफिसात नव्याने लागलेल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "मॅडमच्या घरी सगळं बरं आहे ना गं?"

मॅडम दिसायला अगदीच छोट्या. केस पूर्ण पांढरे, कानाच्या वर कापलेले. आणि बोटं काळी. सिल्व्हर नायट्रेट कातडीला लागलं की उन्हात काळं पडतं आणि कातडी बदलेपर्यंत जात नाही. आम्हाला ग्लोव्हजशिवाय बाटलीला हात लावू द्यायच्या नाहीत, स्वतः मात्र एका हाताला ग्लोव्ह आणि दुसरा मोकळा, अशा वावरायच्या. मी एकदा बोलले, तर म्हणाल्या, "एक हात तरी खरा असू दे." याचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही. बसमध्ये एका बाईने त्यांना विचारलं होतं की तुम्ही डाय केसांना न लावता बोटांना का लावता. मॅडमनी तिला स्टॉप येईपर्यंत चांदीचं रसायन समजावलं. ती बाई एक स्टॉप आधीच उतरली असा माझा अंदाज आहे.

'हर्बल' हा शब्द त्यांच्यासमोर कुणी काढायचा नाही. एका सेमिनारला बाहेरच्या कॉलेजचा एक मुलगा ऐटीत म्हणाला, "आमची पद्धत वनस्पतीपासून आहे, त्यामुळे संपूर्ण सुरक्षित." मॅडम पहिल्या रांगेत होत्या. "कण्हेरसुद्धा वनस्पतीच आहे बाळा. खाऊन बघतोस?" तो मुलगा बिचारा पुढच्या स्लाइडवर गेलाच नाही. चहाच्या वेळी मॅडमनी त्याला शोधून काढलं, स्वतःचा वडा त्याच्या ताटात घातला आणि त्याचं काम कसं सुधारता येईल हे तासभर सांगत बसल्या.

त्यांचा फ्लॅट उलव्याला. तिथल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक सेल्समन नॅनो सिल्व्हरचा फवारा विकायला आला होता. लिफ्टमध्ये मारा, जिन्यात मारा, एकही जंतू राहणार नाही, टेन्शनच नाही. सगळे माना डोलवत होते. मॅडमनी विचारलं, "कणांचा आकार केवढा?" तो म्हणाला, "मॅडम, पाच लिटरच्या कॅनमध्ये येतो." मॅडमनी त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि बाटलीतलं थोडं मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे प्लेटवर आलं. नाव मिळालं आत्येसासू. आत्येसासूने एकही जंतू मारला नाही. पुढच्या मीटिंगमध्ये मॅडम ती प्लेट पिशवीतून घेऊन गेल्या आणि सगळ्यांना दाखवली. सेक्रेटरींनी त्यांना हात जोडून विनंती केली की जंतू पुन्हा सोसायटीत आणू नका.

पाला यायचा उलव्याच्या अलीकडच्या एका जुन्या गावातून. तिथे एका मावशींच्या अंगणात पेरूचं झाड होतं. डोक्यावरून विमान गेलं की मावशी बोलता बोलता थांबायच्या आणि ते गेलं की तिथूनच पुढे सुरू करायच्या. मॅडम दर रविवारी सकाळी जायच्या. एकाच फांदीची, ना कोवळी ना जून अशी पानं बघून बघून तोडायच्या. झाड पेरूंनी लगडलेलं असायचं, त्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत.

"पेरू सोरून पानं कनाला नेतेस गो?" मावशी मला विचारायच्या, कारण मॅडमना विचारून उपयोग नाही हे त्यांना कळलं होतं. "हिचा डोकां बिगरलंय काय?"

"औषधाला नेतोय मावशी."

"मंग पोटात घे ना सरल. आमी पोट बिगरला का हीच पानं चावताव."

मॅडमना हे ऐकून कोण आनंद झाला! त्या दिवशीपासून नुसता काढासुद्धा एका प्लेटवर लावायचा असं ठरलं. "चांदीने केलं की पानानेच केलं, हे कळायला हवं. नाहीतर उद्या मावशीचं श्रेय मी घेतलेलं असायचं."

अशी ही बाई. सगळं जग आपली बाजू भक्कम करायला पुरावे जमवतं, आणि ही आपल्या विरुद्ध काय काय निघू शकेल ते शोधत बसलेली असायची. मला ते सुरुवातीला कंटाळवाणं वाटायचं. खोटं कशाला बोलू, चीडच यायची. इतर विभागातली मुलं भराभर पेपर छापत होती आणि आम्ही साध्या पाण्याची प्लेट लावून त्यात काहीच झालं नाही याची खात्री करत होतो.

हे कुठून आलं, ते मॅडमनी एकदाच सांगितलं. मूळच्या त्या महाडकडच्या. वडील गोदीत कारकून, राहायला वरळीच्या चाळीत. त्यांच्या घरातून, आणि बहुतेक त्यांच्या अख्ख्या गावातून, एमएस्सीला पोचलेली ती पहिली मुलगी. तिथल्या प्रॅक्टिकलमध्ये त्यांचा आकडा बाकी सगळ्यांपेक्षा वेगळा आला. सरांनी वहीवर सरळ काट मारली. "चुकलं असेल तुझं. तुमच्याकडे सवय नसते ना." बाकी काही नाही. नंतर समजलं की बाकीच्यांनी वापरलेली बाटली जुनी होती आणि मॅडमनी नवी फोडली होती.

"पुन्हा करून बघ, एवढं जरी म्हणाले असते," मॅडम म्हणाल्या, "तरी मी त्यांच्या पाया पडले असते." एवढं सांगून त्या चिमटा घेऊन कामाला लागल्या.

तर ती खोली. कँटीनला लागून असलेली, एका बाजूने कायम तळणाचा वास येणारी, दोन खिडक्यांची. मॅडमनी ती भंगारातून उभी केली होती. उबदार कपाट दुसऱ्या एका संस्थेने टाकून दिलेलं होतं, ते दुरुस्त केलं होतं. बाटल्या गरगर फिरवून त्यातले कण तळाशी बसवणारं मशीन एका बंद पडलेल्या पॅथॉलॉजी लॅबमधून आणलं होतं. कॉलेजला मॅनेजमेंटचा नवा कोर्स सुरू करायचा होता आणि वर्ग कमी पडत होते. प्रिन्सिपल सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी मॅडमना स्वच्छ सांगितलं, "एखाद्या इंडस्ट्रीशी करार दाखवा. मी समितीत भांडतो, खोली तुमचीच राहील. नाहीतर जूनपासून मला ती द्यावी लागेल."

करार समोरून चालून आला. रबाळ्याला जखमेच्या पट्ट्या तयार करणारा एक कारखाना होता. त्याच्या मालकांनी, आम्ही त्यांना साहेब म्हणायचो, मॅडमचं कुठेतरी भाषण ऐकलं होतं. पट्टीच्या कापडावर ही पाल्याची चांदी बसवायची त्यांची कल्पना. आमचं तपकिरी पाणी तोवर प्रत्येक वेळी भलामोठा गोल द्यायचं. खुद्द मॅडमच्या तोंडून एकदा "छान" निघून गेलं होतं आणि त्यांनी गुपचूप जाऊन भांडी धुतली होती.

साहेब म्हणाले, मला पाणी नको, कण द्या. कापडावर बसवायचे तर ते वेगळे काढलेले हवेत. म्हणून आम्ही पहिल्यांदाच ते तपकिरी पाणी मशीनमध्ये फिरवलं. कण तळाशी बसले. वरचं पाणी ओतून घेतलं, कण स्वच्छ पाण्याने धुतले, तेही पाणी त्यात ओतलं. तांदळाचं असतं तसं हे चांदीचं धुवण. मी ते सिंककडे घेऊन निघाले होते.

"कुठे निघालीस?" मॅडम म्हणाल्या.

"टाकायला."

"टाकण्याआधी त्याला विचार की तू कोण."

म्हणजे त्याचीही प्लेट लावायची. साहेब आणि प्रिन्सिपल सर दुसऱ्या दिवशी येणार होते, आणि मॅडमनी त्यांच्यासमोर मांडायच्या प्लेटांत स्वतःहून फेकायच्या पाण्याची भर घातली. मी नावं ठेवली. धुतलेले कण थोरली जाऊ. नुसता काढा धाकटी जाऊ. साधं पाणी नणंद. आणि धुवण मामेसासू. मनात पक्कं केलं, कपाट बंद केलं, घरी गेले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, बरोबर प्रिन्सिपल सर. मॅडमनी त्यांना नावांचा नियम सांगितला, साहेब खो खो हसले आणि म्हणाले, आमच्याकडे या नावांनी प्लेटा लावल्या तर प्लेटाच फुटतील. मोजपट्टी मॅडमनी त्यांच्याच हातात दिली. "तुम्हीच मोजा. मी लांब उभी राहते."

नणंदेचं झाकण उघडलं. काही नाही. धाकटी जाऊ, बारीकशी कड. थोरली जाऊ, त्याहून थोडी मोठी. खरं तर थोरलीचा गोल सगळ्यांत मोठा यायला हवा होता. मग साहेबांनी मामेसासू उघडली.

मी एवढा स्वच्छ, एवढा मोठा गोल तोवर बघितला नव्हता. प्लेटची जवळजवळ निम्मी जागा मोकळी.

"हेच!" साहेब ओरडले. "हेच हवंय आपल्याला!"

प्रिन्सिपल सरांनी टाळ्या वाजवल्या. मनातल्या मनात त्यांनी समितीतलं भाषणही सुरू केलं असणार. मॅडम माझ्याकडे वळल्या. त्यांनाही काही माहीत नव्हतं. चेहऱ्यावर मला कधी न दिसलेली लहान मुलीसारखी उत्सुकता होती.

"सांग. मामेसासू कोण?"

"धुवण," मी म्हणाले.

खोलीत तळणाचा वास तेवढा राहिला. प्रिन्सिपल सरांना धुवण म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. फेकायच्या पाण्याने जंतू मारले होते. ज्या कणांसाठी एवढा खटाटोप, ते कण थोडंसंच काम करत होते.

सर सावरले. माणूस हुशार. "अहो, पोरीचा गोंधळ झाला असेल. एवढी नावं, लिहिलेलं काही नाही. जावेचं मामेसासूला लागलं असेल." मग माझ्याकडे बघून अगदी मायेने, "विसरलीस ना बेटा? नीट आठव. घाई नाही."

हे मला कायम आठवतं. दार उघडं होतं. लिहिलेलं खरंच काही नव्हतं. माझ्या डोक्याशिवाय कुठे नोंद नव्हती. मॅडमनी एकदा जरी म्हटलं असतं की हो, पोरगी दमली होती, तर करार झाला असता, खोली राहिली असती, आणि ते खोटं आहे हे सांगायला या जगात मी सोडून कुणी नव्हतं.

मॅडमनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरांकडे बघत म्हणाल्या, "ही विसरत नाही."

"मॅडम, निदान पुन्हा एकदा..."

"पुन्हा करूच. दहादा करू. पण आज हिने सांगितलं ते आजचं उत्तर." मग साहेबांकडे वळून, "साहेब, आमची चांदी तुम्हाला सांगितली तेवढी कामाची नाही. हा करार आत्ता करू नका."

साहेब धंदेवाला माणूस. ते म्हणाले, "अहो मॅडम, पण मारतंय ना ते? मग धुवण तर धुवण! तेच द्या, आपण तेच लावू पट्टीला. नाव काय, पेरूच्या पाल्याची चांदी. कोण बघायला येतंय?"

मॅडमनी मला कँटीनमधून चिमूटभर मीठ आणायला सांगितलं. मी पळत गेले. उरलेलं धुवण एका चंचुपात्रात होतं, पाण्यासारखं नितळ. मॅडमनी त्यात मीठ टाकलं आणि ते बघता बघता दुधासारखं पांढरं झालं.

"मीठ टाकलं की असं होतं ते सिल्व्हर नायट्रेटमुळे," त्या म्हणाल्या. "म्हणजे आमच्या काढ्याने सगळ्या क्षाराची चांदी केलीच नव्हती. पुष्कळ क्षार तसाच राहिला, आणि इतके दिवस तोच जंतू मारत होता. रंग आला म्हणून आम्ही काम झालं समजलो. मी समजले, हिची चूक नाही." मग त्यांनी आपला मोकळा हात साहेबांच्या नाकासमोर धरला. काळी बोटं. "हा तो क्षार. हे कुणाच्या उघड्या जखमेत हवंय तुम्हाला?"

साहेबांनी मोजपट्टी टेबलावर ठेवली, नमस्कार केला आणि गेले. सरही गेले. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाले, "मॅडम, आता माझ्या हातात काही नाही."

"माझ्याही नाही," मॅडम म्हणाल्या, आणि चंचुपात्र उचलून उजेडात धरलं. "पण बघ ना, कसं झरकन पांढरं झालं."

जूनमध्ये खोली गेली. आम्हाला पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकल लॅबमध्ये दारामागचा कोपरा मिळाला. मशीन स्टुलावर. कपाट उघडायचं तर आधी दार बंद करावं लागायचं. तिथे आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. काढा जास्त घातला, जास्त वेळ थांबलो, रंग आला तरी थांबलो. कण धुवायचे आणि धुवणात मीठ टाकायचं. पांढरं झालं की परत धुवायचं. एका दुपारी मीठ टाकलं आणि धुवण तसंच नितळ राहिलं. मॅडमनी मला ते चारी बाजूंनी बघायला लावलं. मग त्या कणांची प्लेट लावली. गोल आला. आधी मिरवायचो त्याच्या निम्माही नव्हता, पण काढ्याच्या गोलापेक्षा नक्की मोठा होता, आणि जो होता तो सगळाच्या सगळा चांदीचा होता. माझा प्रबंध त्याच गोलावर उभा आहे. त्यातलं एक पूर्ण प्रकरण आमच्या चुकीवर आहे, आणि मॅडमनी ते मला सगळ्यांत पुढे घ्यायला लावलं. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत मला प्रश्न विचारले ते त्याच प्रकरणावर, आणि एकाने उठून मॅडमशी हात मिळवला. आता मी शिकवते. माझ्या मुलींना सगळ्यात आधी मिठाची परीक्षा शिकवते.

पण मला मॅडम सगळ्यात जास्त आठवतात त्या खोली रिकामी केली त्या संध्याकाळच्या. आम्ही रबाळ्याला राहायचो. बाबा एमआयडीसीत फिटर. त्या दिवशी मॅडम न कळवता रिक्षाने आमच्या घरी आल्या. तोवर कधी आल्या नव्हत्या. आईने घाईघाईत खुर्चीवरचे कपडे उचलले. बाबा उभेच राहिले.

"बसा ना मॅडम. तुमी उभ्या का?"

मॅडम बसल्या नाहीत. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून म्हणाल्या, "तुमच्या मुलीमुळे माझी खोली गेली."

बाबांचा चेहरा उतरला. घरी मी यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी हात जोडले. "मॅडम, माफ करा. पोर आहे, चुकली असेल. मी बोलतो तिच्याशी."

"बोला ना. जरूर बोला. आणि बाहेर सगळ्यांनाही सांगा." मॅडमचा आवाज एवढा भरून आलेला मी पहिल्यांदा ऐकला. "चुकली नाही ती. एका शब्दात माझी खोली वाचली असती आणि हिने तो शब्द काढला नाही. सर विसर म्हणत होते, ही विसरली नाही. इतकी वर्षं शिकवतेय मी. अशी मुलगी मिळावी म्हणून शिकवत होते. तेवढं सांगायला आले."

मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली, उभ्याउभ्याच. आईच्या आधीच लक्षात आलं होतं, ती पदराने डोळे पुसत आत चहा टाकायला गेली. बाबांना वेळ लागला. मॅडम चहा पिऊन गेल्यावरही ते खिडकीशी उभे होते. मग चपला घालून खाली गेले आणि हातात पुडा घेऊन परत आले. जिन्यातच शेजारचे काका भेटले. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"काय ओ, आज काय विशेष?"

"आमच्या पोरीमुळे तिच्या मॅडमची खोली गेली," बाबा म्हणाले.

काका घाबरले. "अरे देवा. मग आता?"

"आता काय," बाबा म्हणाले, "पेढा घ्या."